सुरतेचा थाट आणि काही अलिप्त माणसे

लोकांची आवड ही केवढी मोठी सत्ता आहे, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने सतराव्या शतकातील सुरत शहराकडे पाहावे. तापीच्या डाव्या तीरावर वसलेले हे बंदर म्हणजे मोगल बादशाहीचे समुद्राकडील महाद्वार. मक्केस निघालेले यात्रेकरू येथून जहाजावर चढत. अरबस्तानचे घोडे, इराणचे गुलाबपाणी व शिराझची मदिरा, युरोपचे सोने-रुपे येथे उतरत असे. पावसाळा सरला की सुवाळीच्या किनाऱ्याशी परदेशी गलबते नांगर टाकीत, आणि मग पुढचे काही महिने शहराला उसंत म्हणून नसे. येथून बाहेर जाई ते मुख्यतः कापड. या कापडाने दूरदूरच्या देशांत जी धांदल उडविली ती मोठी मौजेची आहे. हिंदुस्थानच्या छापील व रंगीत सुती कापडाचे वेड फ्रान्स आणि इंग्लंड येथील स्त्री-पुरुषांना असे लागले की, आपले रेशमाचे व लोकरीचे विणकर उपाशी मरतील या भीतीने फ्रान्सच्या राजाने १६८६ मध्ये, आणि इंग्लंडच्या पार्लमेंटने १७०० मध्ये व पुन्हा १७२१ मध्ये, कायदे करून ते रोखण्याचा यत्न केला. कायदे झाले, पण वेड काही लवकर ओसरले नाही. सुरत हे नुसते श्रीमंत शहर नव्हते. ते लोकांच्या हौसेवर जगणारे शहर होते, आणि जो हौसेचा व्यापार करतो त्याला हौसेची बाधा सहसा चुकत नाही.

शहरात करमणुकीला तोटा नव्हता. मलिक गोपीने सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला विस्तीर्ण तलाव होता. औरंगजेबाची बहीण जहाँआरा हिच्या नावाचा बाग होता. सुभ्याच्या हाकिमाची स्वारी निघाली, की हत्ती, घोडे, निशाणे आणि वाद्ये यांनी रस्ता भरून जाई. लग्नसराईत मशालींच्या उजेडाने रात्रीचा दिवस होई. तंबाखू तर अकबराच्या अखेरच्या वर्षांत दरबारी दाखल झालेली. पण ती इतक्या झपाट्याने पसरली की, १६१७ मध्ये जहांगीर बादशहाला तिच्यावर बंदी घालावी लागली. बंदीचे फळ काय झाले ते हुक्क्याचा पुढचा इतिहासच सांगतो.

या थाटात सर्वांत उत्साहाने कोण सामील झाले असेल, तर ते सातासमुद्रांपलीकडून आलेले टोपीकर! इंग्रजांची वखार येथे १६१३ च्या सुमारास स्थिर झाली. डच लोकही पाठोपाठ आले. ही मंडळी व्यापारी होती, पगार बेताचे होते आणि घर हजारो कोस दूर होते. मांडेल्स्लो नावाचा एक तरुण जर्मन सरदार १६३८ मध्ये सुरतेस येऊन इंग्रजांच्या वखारीत उतरला होता. तेथील दिनक्रम त्याने लिहून ठेवला आहे. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होई, रविवारी तर तीनदा होई. परंतु शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर एक खास बैठक भरे. अध्यक्षाच्या नात्यातील काही व्यापारी इंग्लंडातून आपापल्या बायकांचा निरोप घेऊन निघाले होते तो वार शुक्रवार. म्हणून दर शुक्रवारी त्या दूर राहिलेल्या बायकांच्या नावाने पेले रिकामे करावयाचे, असा त्यांचा ठराव होता. विरहाचे दुःख मद्यात बुडवावे ही युक्ती जुनीच. परंतु तिला वाराचे बंधन घालून नेमधर्माचे रूप देणारी ही मंडळी खरोखर हिशेबी म्हटली पाहिजेत.

पन्नास वर्षांनी, १६८९ मध्ये, ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेत आला, तेव्हा हा थाट कितीतरी वाढलेला होता. पंक्तीला रुप्याची ताटे आणि रुप्याचे पेले. स्वयंपाकी तीन जातींचे, एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदी; हेतू असा की, कोणाच्याही जिभेची तक्रार राहू नये. सणावारी हरणाचे व मोराचे मांस, इराणचा सुका मेवा, युरोपची मद्ये. अध्यक्षसाहेब बागेत हवा खाण्यास निघाले, तरी पुढे निशाणे आणि रुप्याच्या साजाचे अरबी घोडे चालावयाचे. मोगल उमराव जसा मिरवतो तसे आपण मिरवलो नाही, तर या शहरात आपल्याला कोणी विचारणार नाही, असे त्यांचे समर्थन असे. त्यात काहीच तथ्य नव्हते असे नाही. पण ज्याला सुरुवातीला व्यापाराची गरज म्हणून पत्करले, त्याची पुढे चटक लागली, हेही तितकेच खरे.

ही चढाओढ मरणापाशीदेखील थांबली नाही. इंग्रजांचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर दहा वर्षांपूर्वीच येथे वारला होता. त्या दोघां भावांवर घुमटांची, खांबांची, मुसलमानी मकबऱ्याच्या धर्तीची दुमजली इमारत उभी राहिली. डचांना ही गोष्ट मुकाट्याने कशी सोसावी? त्यांचा वरिष्ठ अधिकारी व्हान रेडे १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर मरण पावला. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविणारा हा मोठा व्यासंगी गृहस्थ होता. त्याच्या देहावर डचांनी इंग्रजांच्या इमारतीला खाली मान घालावयास लावील असे थडगे बांधले. त्याच दफनभूमीत एका डच अंमलदाराच्या थडग्यावर मद्य कालविण्याची तीन मोठी पात्रे बांधविलेली होती, असे ओव्हिंग्टन सांगतो. मृताच्या मित्रांनी तेथे जमावे, पात्रे भरावीत आणि त्याची आठवण काढावी. ती इतकी काढावी की शेवटी स्वतःचीच आठवण राहू नये! स्मशानालाही ज्यांनी मैफलीची जागा केली, त्यांच्या नगरीत मैफलीपासून दूर राहणे हे किती कठीण असेल, याची यावरून कल्पना करावी.

टॉम कोरियाटची गोष्ट याच संदर्भात आठवते. हा विक्षिप्त इंग्रज प्रवासी अलेप्पोहून अजमेरपर्यंत बहुतेक पायी आला. दहा महिन्यांच्या त्या प्रवासात आपला एकूण खर्च तीन पौंडांच्या आत बसला, असे तो अभिमानाने सांगे. वाळवंट, लुटारू, उपास यांपैकी कशानेही तो मेला नाही. १६१७ मध्ये सुरतेस पोचला तेव्हा त्याला हगवण लागलेली होती. वखारीतल्या देशबांधवांनी प्रेमाने विलायती मद्य पुढे केले. माणूस मूळचा मिताहारी. तो प्यालाही बेतानेच. पण दुखणे उलटले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याचा अंत झाला.

आता शहरातल्या देशी व्यापाऱ्यांकडे वळू. सुरतेचा बनिया मद्यमांसाला शिवत नसे, शिकारीला जात नसे. ओव्हिंग्टनच्या वेळी त्याला चहाची सवय लागलेली दिसते, पण त्यापुढे त्याची चैन फारशी जात नव्हती. आजारी गाईघोड्यांसाठी, शेळ्याकुत्र्यांसाठी तो पांजरपोळ चालवी. इतकेच काय, पण ढेकणांसाठीही एक जागा राखलेली होती आणि एखाद्या गरीब माणसाला मोल देऊन तेथे रात्रभर निजवीत, असे हे युरोपीय प्रवासी डोळे विस्फारून लिहितात. त्यांना या दयेचे हसू येई. तथापि ज्यांच्या दयेला थडग्यावरच्या पात्रांपलीकडे वाट सापडली नाही, त्यांनी फार हसू नये हे बरे.

या व्यापाऱ्यांचा मुकुटमणी म्हणजे वीरजी व्होरा. मिरे, लवंगा, पोवळी, अफू, सोने, ज्या मालाला तो हात घाली त्याचा भाव त्याच्या इच्छेने ठरे. इंग्रज कंपनीची पत्रे त्याच्याविरुद्धच्या तक्रारींनी भरलेली आहेत. आणि तीच कंपनी अडचणीच्या वेळी कर्जासाठी त्याच्याच दाराशी उभी राहिलेली आढळते. फ्रेंच प्रवासी थेवेनो त्याला आपला मित्र म्हणतो आणि त्याची मालमत्ता निदान ८० लक्षांची असावी असा अंदाज देतो. हे सर्व धन बाळगणारा वर्ग राही मात्र साधेपणाने. या साधेपणाला दोन मुळे होती. एक जैन धर्माचा उपदेश आणि दुसरे मोगल अंमलदारांचे भय. ज्याचे ऐश्वर्य डोळ्यांत भरे त्याच्याकडे हाकिमाचा शिपाई लवकर येई. म्हणून घर बाहेरून साधे आणि तळघर भरलेले, अशी रीत पडली. यातला धर्म किती आणि धोरण किती, हे निवडून काढणे सोपे नाही. बहुधा त्या व्यापाऱ्यांनाही ते निवडता आले नसते.

परंतु त्याच वीरजीच्या घरात असा एक मुलगा वाढत होता की, ज्याने ही निवड स्वतःपुरती करून टाकली. वीरजीच्या कन्येचा मुलगा लवजी आजोळीच लहानाचा मोठा झाला. त्याने जैन आगमांचा अभ्यास केला आणि यतींची दीक्षा घेतली. परंतु ग्रंथात वाचलेला आचार आणि भोवतालच्या यतींचा आचार यांत त्याला मोठे अंतर दिसले. यती एका जागी घर करून राहू लागले होते, सोयी-सवलती स्वीकारू लागले होते. श्रीमंत शहराची हवा त्यांनाही लागली होती. लवजीने दोन साथीदारांसह त्यांची संगत सोडली. पडक्या, ओसाड घरांत मुक्काम करावा, मिळेल ती भिक्षा घ्यावी, तोंडाला पट्टी बांधून अनवाणी फिरावे, असा कडक आचार त्यांनी धरला. लोकांनी त्यांना ‘ढुंढिया’ म्हणून हिणविले. नातवाच्या या वागण्याने संतापलेल्या वीरजीने खंभातच्या हाकिमाला लिहून त्याला अटक करविली, अशी कथा त्या पंथात सांगतात. कथेचा तपशील कसाही असो. साऱ्या बाजाराचे भाव ठरविणाऱ्या आजोबाला घरातल्या एका मुलाची किंमत ठरविता आली नाही, एवढे मात्र तीवरून दिसते. आज स्थानकवासी म्हणून जो मोठा जैन संप्रदाय आहे त्याच्या आद्य पुरुषांत लवजी ऋषींचे नाव आदराने घेतले जाते.

याच सुमारास सुरतेत आणखी एक अनवाणी मंडळी येऊन राहिली होती. हे फ्रान्समधून आलेले कापुचिन साधू. असीसीच्या संत फ्रान्सिसचे अनुयायी काळाच्या ओघात सुखवस्तू झाले आहेत, असे वाटून ज्या काहींनी मूळच्या दारिद्र्यव्रताकडे परत जाण्याचे ठरविले, त्यांचा हा संघ. पोप सातवे क्लेमेंट यांनी त्याला १५२८ मध्ये मान्यता दिली. जाडाभरडा तपकिरी झगा, त्याला लांब टोकदार टोपी, कमरेला दोरी, वाढलेली दाढी आणि पायांत फार तर वहाणा, असा त्यांचा वेष. पैसा जवळ बाळगावयाचा नाही आणि भिक्षेवर राहावयाचे, हा त्यांचा नियम. १६४० च्या सुमारास ते सुरतेत स्थिरावले. पोर्तुगीजांना ते नकोसे होते. हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्मकार्यावर आपला एकट्याचा हक्क आहे असे पोर्तुगालचे म्हणणे असे, आणि मद्रासच्या फादर एफ्रेम या कापुचिनाला तर १६४९ मध्ये धरून गोव्याच्या इन्क्विझिशनच्या तुरुंगात टाकले होते. म्हणजे ज्या धर्माचे हे लोक होते त्या धर्माच्या सत्ताधाऱ्यांचेही पाठबळ त्यांना नव्हते.

सुरतेच्या मठाचे प्रमुख फादर आंब्रोझ यांचे चित्र रंगविताना एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नाही. त्यांचे घर झोपडी नव्हते. जवाहिऱ्याचा व्यापार करणारा प्रवासी टॅव्हर्नियर लिहितो की, कापुचिनांचे घर युरोपीय घरांच्या धर्तीचे, सोयीचे होते. त्यांचे देऊळही सुंदर होते आणि ते बांधण्याच्या खर्चातील मोठा वाटा त्याने स्वतः दिला होता. जागेची खरेदी मात्र अलेप्पोच्या एका मरोनी ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या नावाने करावी लागली. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्यांना चांगले घर का असावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. पण त्या घरात कोण येत असे तेही पाहावयास हवे. गलबतावरून उतरलेले आजारी खलाशी, पोर्तुगीज वंशाची गरीब कुटुंबे, आर्मेनियन फिरस्ते, गाठीला दमडी नसलेले प्रवासी यांना शहरात ओळखीचे म्हणता येईल असे दार ते एकच होते. फादर आंब्रोझ यांचा लौकिक असा की, ख्रिस्ती लोकांतील तंटे ते तोडीत आणि खुद्द मोगल हाकीम त्यांचा शब्द मानी. एखादा ख्रिस्ती फारच बेताल वागू लागला, तर फादरांच्या सांगण्यावरून त्याला अटकेत ठेवीत आणि त्यांच्या संमतीवाचून कोतवाल त्याला सोडीत नसे, असे थेवेनो लिहितो. वखारींच्या मेजवान्यांपासून हे साधू दूर राहिले, पण रानात गेले नाहीत. बाजाराच्या ऐन मध्यावर राहून बाजाराच्या नादी न लागणे त्यांनी पत्करले होते.

अशा या शहरावर १६६४ च्या जानेवारी महिन्यात शिवाजी महाराज चालून आले. मागच्याच वर्षी शाहिस्तेखानाला पुण्यातून पळावे लागले होते. तथापि मोगली फौजांनी तीन वर्षे मुलूख तुडविला होता, त्याची भरपाई मोगलांच्याच तिजोरीतून करून घ्यावी असा महाराजांचा हिशेब होता. सुरतेचा कोट त्या वेळी मातीचा होता. बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर महाराजांचा तळ पडला, आणि शहराचा हाकीम इनायतखान रयतेला वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. पुढचे चार दिवस शहराला फार भारी गेले. इनायतखानाने बोलणी करण्याच्या मिषाने पाठविलेल्या माणसाने महाराजांवर कट्यार उगारली, तेव्हा तर मराठ्यांचा क्रोध अनावर झाला. कैद्यांचे हात तोडले गेले. घरे पेटली, आणि रात्री आगीच्या उजेडाने दिवसासारखे दिसे असे इंग्रजांच्या वखारीतील लोक लिहितात. शत्रूच्या बाजूने लिहिलेले म्हणून हे सारे खोटे मानण्याचे कारण नाही. युद्ध ते युद्धच.

या चार दिवसांत ज्याने त्याने आपापल्या रीतीप्रमाणे वर्तन केले. ऑक्झेंडनने आपले लोक व खलाशी जमविले, ढोल आणि कर्णे वाजवीत शहरातून त्यांची फेरी काढली आणि वखार लढविण्याची तयारी केली. त्याने खंडणी दिली नाही आणि वखार वाचविली. हा माणूस शूर होता यात शंका नाही. पुढे कंपनीने त्याला सुवर्णपदक आणि दोनशे पौंड बक्षीस दिले. हाजी झाहिद बेग या बड्या मुसलमान व्यापाऱ्याचे घर इंग्रज वखारीला लागूनच होते. ते फोडले गेले. आणि वीरजी व्होराच्या त्या बाहेरून साध्या घराचे काय झाले? ज्यांना ठाऊक असावयाचे त्यांना तळघर ठाऊक होतेच. त्याचे वाडे व कोठारे खणून काढली, माल गेला आणि आग लागली. हाकिमाच्या नजरेपासून झाकलेली दौलत हेरांच्या नजरेतून सुटली नाही.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी फादर आंब्रोझ मठातून निघाले आणि मराठ्यांच्या तळावर गेले. ते गेले ते मठासाठी नव्हे. शहरातल्या गरीब ख्रिस्ती लोकांच्या जिवाला अपाय होऊ नये, एवढेच मागणे घेऊन गेल्याचे थेवेनो सांगतो. नजराणा नेण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते. महाराजांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, त्यांना अभय दिले आणि मागणे मान्य केले. पुढे लुटीची माणसे मठाच्या दारापर्यंत आली आणि तशीच पुढे गेली. बर्नियर या दुसऱ्या फ्रेंच प्रवाशानेही हीच हकिगत दिली आहे. फिरंगी पाद्री हे भले लोक आहेत, त्यांना त्रास देऊ नये, अशा अर्थाचे उद्गार महाराजांनी काढल्याचे तो नमूद करतो.

बर्नियर काय आणि थेवेनो काय, दोघेही फ्रेंच आणि दोघेही कापुचिनांचे स्नेही. लुटीच्या वेळी दोघांपैकी कोणीही सुरतेत नव्हता. थेवेनो तर दोन वर्षांनी, १६६६ च्या जानेवारीत, तेथे आला. तेव्हा स्वदेशीय पाद्र्याची थोरवी त्यांनी थोडी वाढवून सांगितली असेल, अशी शंका चिकित्सक वाचकाला येणे साहजिक आहे. परंतु बर्नियर लागलीच दुसरी एक गोष्ट सांगतो, तिथे या शंकेला जागा राहत नाही. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही महाराजांनी वगळले. कारण, हा माणूस हयातीत मोठा दानशूर होता असे त्यांना सांगण्यात आले. बर्नियरने त्याचे नाव दिलेले नाही. पुढील इतिहासकार ते मोहनदास पारेख असे देतात. हा ना फ्रेंच, ना ख्रिस्ती, आणि शिवाय हयातही नव्हता. त्याची बढाई मारून बर्नियरला काय मिळावयाचे होते? मग ही गोष्ट लिहिण्याचे कारण एकच उरते. ती सुरतेत सर्वांच्या तोंडी होती.

वैरागी माणूस ओळखण्याची दृष्टी महाराजांना नवीन नव्हती. ज्या मुलखात ते वाढले त्या मुलखात देहूच्या तुकोबांनी राजाचा नजराणा परत पाठविल्याची गोष्ट घरोघर सांगत. केळशीचे बाबा याकूत मुसलमान फकीर होते, पाटगावचे मौनी महाराज हिंदू साधू होते. दोघांनाही महाराजांनी मान दिला. दाढी वाढविलेला, अनवाणी, दोरीने झगा बांधलेला फिरंगी समोर उभा राहिला, तेव्हा त्याचा धर्म परका असला तरी त्याची जात महाराजांना ओळखीची वाटली असली पाहिजे. शिवाय त्यांच्या हेरांनी शहराची खडान्‌खडा माहिती काढलेली होती. कोणाच्या घरी किती धन आहे हे ज्यांना कळले, त्यांना कोण कसा राहतो हेही कळले असणारच.

तेव्हा सुरतेच्या थाटापासून दूर राहिलेले हे लोक एका माळेचे मणी नव्हते. वीरजीनेही मौज केली नाही आणि फादर आंब्रोझ यांनीही केली नाही. पण एकाने मौज टाळून जे उरले ते जमिनीखाली पुरले. दुसऱ्याजवळ पुरण्यासारखे काही उरलेच नाही. मोहनदास पारेख तर संन्यासी नव्हता, श्रीमंत दलाल होता आणि सुरतेतल्या इतर श्रीमंतांप्रमाणेच राहत असावा. तो गर्दीतून बाजूला झाला तो देण्याच्या बाबतीत. साधेपणा हा पुष्कळदा कंजूषपणाचा चुलतभाऊ असतो, आणि त्या दोघांत फरक करणे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बरोबर साधते. लवजीचा मार्ग याहूनही निराळा. त्याने ना वाचविले, ना वाटले. तो त्या घरातूनच चालता झाला.

महाराज परतल्यावर काही दिवसांनी मोगलांचे सैन्य सुरतेस पोचले. औरंगजेबाने व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली, आणि मातीच्या कोटाच्या जागी विटांचा कोट उठू लागला. माणसे मात्र फार लवकर विसरतात. थेवेनो दोन वर्षांनी आला तेव्हा त्याने हाकिमाच्या मुलीच्या लग्नाची वरात पाहिली. तीच वाद्ये, त्याच मशाली, तीच रस्त्याच्या दुतर्फा दाटलेली गर्दी. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज दुसऱ्यांदा आले आणि पुन्हा तेच दिवस शहराच्या वाट्याला आले. त्यानंतरही मेजवान्या थांबल्या नाहीत. ओव्हिंग्टनने पाहिलेली रुप्याची ताटे ही त्या दुसऱ्या लुटीनंतरची आहेत.

ऑक्झेंडन बंधूंचे आणि व्हान रेडेचे थडगे कतारगाम दरवाजाच्या बाजूला अजून उभे आहे. सरकारच्या पुरातत्त्व खात्याने ती संरक्षित केली आहेत आणि इतिहासाची आवड असलेला एखादा प्रवासी तेथे वाट वाकडी करून जातो. सुरत आता कृत्रिम धाग्याच्या कापडाचे आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचे शहर झाले आहे. जगभरच्या हौसेवर जगण्याचा त्याचा जुना व्यवसाय सुटलेला नाही. त्या हिऱ्यांच्या बाजारातून चातुर्मासाच्या आधी, रस्ता तापलेला असताना, तोंडाला पांढरी पट्टी बांधलेले स्थानकवासी साधू अनवाणी चालत जातात आणि दुपारच्या वेळी व्यापाऱ्यांच्या दाराशी थोड्याशा गोचरीसाठी उभे राहतात.